रिकाम्या पदांचा हिशेब प्राध्यापक संघटनांनीच मांडावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

प्राध्यापकांच्या संघटनांनी निवेदन दिले, काळ्या फिती लावून काम केले, धरणे धरले, अशा बातम्या आपल्या दैनिकात अधूनमधून येतात आणि त्या वाचून सामान्य वाचक काय म्हणतो, हे मी कित्येक वर्षे ऐकत आलो आहे. ‘यांना लाखाच्या घरात पगार आहे, अजून काय हवे?’ एवढ्यावर विषय संपतो. मी बडोद्यात लेखाशास्त्र शिकवून निवृत्त झालेला माणूस आहे. नोकरीत असेपर्यंत संघटनेची वर्गणी भरली, तिच्या सभांना बसलो, ठरावांवर हात वर केले. सार्वजनिक विद्यापीठांना आणि अनुदानित महाविद्यालयांना सरकारने अधिक पैसा द्यावा, ही संघटनांची मागणी मला आजही पूर्णपणे न्याय्य वाटते. मात्र ती हिशेबाच्या मागणीपासून सुटी करून मांडली जाते आणि म्हणूनच लोकांना ती निव्वळ पगारवाढीची वाटते, असे माझे मत झाले आहे. अनुदान मागणाऱ्यांनीच त्या अनुदानाचा जमाखर्च लोकांसमोर ठेवला पाहिजे, आणि त्यातही सर्वांत आधी रिकाम्या पदांचा. असे का, ते जरा विस्ताराने लिहितो. पत्र लांबल्यास कात्री लावण्याचा आपला अधिकार आहेच.

राज्य सरकारकडून विद्यापीठाला किंवा अनुदानित महाविद्यालयाला जो पैसा मिळतो, त्याचा सर्वांत मोठा भाग वेतनाचा असतो. हा पैसा कागदावरच्या मंजूर पदांवर खर्च होत नाही, तर त्या पदांवर प्रत्यक्ष काम करणाऱ्या माणसांवर होतो. एखादे प्राध्यापक निवृत्त झाले आणि त्यांची जागा भरण्याची परवानगी आली नाही, की पुढच्याच महिन्यापासून सरकारचा तेवढा खर्च वाचू लागतो. विषय मात्र अभ्यासक्रमात असतोच, वेळापत्रकात त्याचे तास असतात आणि वर्गात मुले बसलेली असतात. तेव्हा संस्था एखादा हंगामी अध्यापक शोधते, त्याच्याशी अकरा महिन्यांचा करार करते किंवा त्याला तासावर बोलावते. त्याचा मोबदला बहुतेक वेळा संस्थेला स्वतःच्या निधीतून द्यावा लागतो, आणि संस्थेचा स्वतःचा निधी म्हणजे मुख्यतः विद्यार्थ्यांनी भरलेले शुल्क. ते पुरत नाही म्हणून स्वयंअर्थसाहाय्यित तुकड्या निघतात, ज्यांना बडोद्यात सगळे ‘हायर पेमेंट’ या नावाने ओळखतात. त्याच इमारतीत, त्याच फळ्यासमोर, बऱ्याचदा त्याच अध्यापकाकडून तोच विषय शिकण्यासाठी एक विद्यार्थी साधे शुल्क भरतो आणि दुसरा त्याच्या कित्येक पट. सरकारने खांद्यावरून उतरवलेला भार अशा रीतीने पालकांच्या खिशावर येतो.

हिशेबाच्या दृष्टीने यातली सर्वांत विलक्षण गोष्ट ही, की या बदलाची नोंद कोणत्याही अर्थसंकल्पात कपात म्हणून कधीच होत नाही. उदाहरणादाखल समजा, एका विभागात दहा मंजूर पदे आहेत आणि काही वर्षांत चार प्राध्यापक निवृत्त झाले. उरलेल्या सहा जणांची वार्षिक वेतनवाढ होत राहते, महागाई भत्ता वर्षातून दोनदा सुधारतो, मध्येच एखादा वेतन आयोग लागू होतो. परिणामी चार माणसे कमी असूनही वेतनाच्या शीर्षाखालची रक्कम पूर्वीपेक्षा मोठीच दिसते. विधानसभेत मंत्री म्हणतात की आम्ही अनुदान वाढवले, आणि ते खोटे बोलत नाहीत. संघटना म्हणते की अनुदान आटले, आणि तीही खोटे बोलत नाही. दोघांचे म्हणणे खरे असताना नेमके काय झाले हे लोकांना समजायचे असेल, तर रुपयांच्या रकान्याशेजारी माणसांचा रकाना छापावा लागेल: मंजूर पदे किती, भरलेली किती, रिकामी किती आणि केव्हापासून, त्या रिकाम्या जागांवर हंगामी किती, त्यांना दरमहा काय मिळते आणि ते पैसे कोणत्या खात्यातून जातात. हा तक्ता एका पानात मावतो. तरीही तो शोधायला गेलात तर एका ठिकाणी एकत्र सापडत नाही. तुकड्यातुकड्याने माहितीच्या अधिकारात मागावा लागतो.

ही स्थिती एकट्या गुजरातची नाही, हेही नमूद केले पाहिजे. नीती आयोगाने फेब्रुवारी २०२५ मध्ये राज्य सार्वजनिक विद्यापीठांवर एक अहवाल प्रसिद्ध केला. देशातल्या उच्च शिक्षण घेणाऱ्यांपैकी सुमारे ८१ टक्के विद्यार्थी याच व्यवस्थेत शिकतात, असे त्यात म्हटले आहे, आणि अध्यापकांची ४० टक्क्यांहून अधिक पदे रिकामी असल्याचेही त्यात नोंदवले आहे. आयआयटी आणि केंद्रीय विद्यापीठे यांच्या बातम्या आपण चवीने वाचतो. पण आपली मुले ज्या वर्गांत बसतात ते वर्ग राज्य विद्यापीठांचे आणि त्यांना जोडलेल्या महाविद्यालयांचे असतात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनी कंत्राटी अध्यापकांचे प्रमाण कोणत्याही परिस्थितीत एकूण पदांच्या १० टक्क्यांपेक्षा अधिक असू नये, आणि त्यांना कायम सहायक प्राध्यापकाच्या एकूण मासिक वेतनापेक्षा कमी मोबदला देऊ नये, असे स्पष्ट सांगितले होते. हा नियम किती संस्थांनी पाळला, हे कोणत्याही महाविद्यालयाच्या स्टाफरूममध्ये दहा मिनिटे बसलेल्या माणसाला समजते. जानेवारी २०२५ मध्ये आयोगाने नव्या विनियमांचा जो मसुदा प्रसिद्ध केला, त्यातून ही १० टक्क्यांची मर्यादाच वगळली होती. नियम मोडला जातो म्हणून नियम काढून टाकायचा, हा उपाय मला तरी लेखापरीक्षणाच्या कोणत्याही पुस्तकात आढळला नाही.

गुजरातेत ही तात्पुरती व्यवस्था किती खोलवर मुरली आहे, याचा पुरावा सर्वोच्च न्यायालयाच्या ऑगस्ट २०२५ मधील निकालात मिळतो. राज्यातल्या सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालयांत कंत्राटावर शिकवणारे सहायक प्राध्यापक दरमहा ३०,००० रुपयांवर वर्षानुवर्षे कायम प्राध्यापकांइतकेच काम करत होते. न्यायालयाने त्यांना कायम सहायक प्राध्यापकांच्या किमान वेतनश्रेणीइतके वेतन आणि व्याजासह थकबाकी देण्याचा आदेश दिला. सार्वजनिक समारंभांत ‘गुरुर्ब्रह्मा गुरुर्विष्णुः’ म्हणत राहणे पुरेसे नाही, अशी टिप्पणीही त्या निकालात आहे. शिक्षकदिनाच्या कार्यक्रमांत हारतुरे स्वीकारून घरी जाणाऱ्या हंगामी अध्यापकांनी तो परिच्छेद कापून जपून ठेवला असेल. अनुदानित महाविद्यालयांत कायम जागेवर निवड झालेल्यालाही आधी पाच वर्षे ‘अध्यापक सहायक’ म्हणून ठरावीक रकमेवर काढावी लागतात, आणि ‘फिक्स पगार’ हा शब्द आता आपल्या मराठी घरांतही लग्नाच्या बोलणीत सहज येतो.

इतकी भक्कम बाजू असताना संघटनांचे म्हणणे लोकांपर्यंत का पोचत नाही? याचे उत्तर थोडे कडू आहे. लोकांच्या आठवणीत प्राध्यापक संघटना येते ती वेतन आयोगाच्या वेळी. महाराष्ट्रात २०१३ साली एमफुक्टो या प्राध्यापक संघटनांच्या महासंघाने परीक्षेच्या कामावर टाकलेला बहिष्कार तीन महिन्यांहून अधिक चालला. थकबाकीची मागणी रास्त होती. सहाव्या वेतन आयोगाच्या वाढीव खर्चाचा ८० टक्के वाटा केंद्र सरकार ठरावीक काळापुरता उचलणार होते आणि राज्य व केंद्र यांच्या टोलवाटोलवीत शिक्षकांची रक्कम अडकली होती. हे सगळे खरे असले, तरी ज्या पालकाचा मुलगा त्या वर्षी शेवटच्या वर्षाला होता, त्याच्या लक्षात एवढेच राहिले की प्राध्यापकांनी पैशासाठी परीक्षा अडवल्या. सातव्या आयोगाच्या वेळी केंद्राने आपला वाटा ५० टक्क्यांवर आणला आणि मुदतही ३१ मार्च २०१९ पर्यंतच ठेवली. पुढचा सगळा भार राज्यांवर आला. रिकामी पदे भरण्यात राज्यांनी हात आखडता घेण्यामागे हेही एक कारण आहे, असे मला वाटते. पण संघटनांनी ही साखळी लोकांना कधी समजावून सांगितली नाही. वेतन आयोगाच्या लढ्यात जेवढी ताकद लागली, तिच्या निम्मी जरी हंगामी सहकाऱ्यांसाठी लागली असती, तर आज चित्र वेगळे दिसले असते. कित्येक संघटनांत हंगामी अध्यापकाला सभासदत्वच मिळत नाही, किंवा मिळाले तरी मताचा अधिकार नसतो. जो सर्वांत कमी पगारात सर्वांत जास्त तास घेतो, तोच आपल्या सभेत मागच्या रांगेत उभा असेल, तर आपण सार्वजनिक शिक्षणासाठी बोलत आहोत हे बाहेरच्यांनी का मानावे?

दुसरा कडू भाग आपल्याच कामाचा आहे. २०१८ च्या त्याच विनियमांत सहायक प्राध्यापकाने आठवड्याला १६ तास आणि सहयोगी प्राध्यापक व प्राध्यापकाने १४ तास प्रत्यक्ष अध्यापन करावे, असे सांगितले आहे. ते बहुसंख्य अध्यापक निष्ठेने पाळतात, कितीतरी जण त्याहून अधिक घेतात. न पाळणारेही आहेत, ते कोण हे विद्यार्थ्यांना ठाऊक असते, आणि त्यांच्याविषयी संघटना तोंड उघडत नाही हेही विद्यार्थ्यांना ठाऊक असते. सभासदाचा बचाव करणे हे संघटनेचे कामच आहे. पण वर्गात न जाण्याच्या सवयीचा बचाव करणे त्यात मोडत नाही. वेळापत्रकातले तास आणि प्रत्यक्ष झालेले तास यांचा विभागवार गोषवारा अध्यापकांनी आपण होऊन दर सत्राअखेर जाहीर केला, तर पहिल्या वर्षी थोडी पंचाईत होईल हे मान्य. पण दुसऱ्या वर्षापासून तोच कागद अनुदानाच्या मागणीचा सर्वांत मोठा आधार ठरेल. कारण त्यात हेही दिसेल, की रद्द झालेल्या तासांपैकी किती तास अध्यापक नव्हताच म्हणून रद्द झाले.

हिशेब म्हटले की आमच्या व्यवसायातले लोक दचकतात, आणि त्यालाही सबळ कारण आहे. वरून लादलेल्या मोजमापांचा आमचा अनुभव फार वाईट आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या विनियमांनी एपीआय नावाची गुणपद्धती आणली आणि बढतीसाठी शोधनिबंधांची संख्या मोजली जाऊ लागली. पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांचे पीक आले; आयोगाला मे २०१८ मध्ये स्वतःच्याच मान्यताप्राप्त यादीतून ४,३०५ नियतकालिके काढून टाकावी लागली, मग ‘केअर’ नावाची नवी यादी आली आणि तीही २०२५ मध्ये बंद झाली. उच्च शिक्षण संस्थांना श्रेणी देणाऱ्या नॅकच्या मूल्यांकनाची गोष्ट याहून खेदाची आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये एका खासगी संस्थेच्या पाहणीसाठी गेलेल्या समितीच्या सदस्यांना लाच घेतल्याच्या आरोपावरून सीबीआयने अटक केली. समिती यायच्या आधी भिंतींना रंग, कुंड्यांत फुले आणि फायलींना नवे मुखपृष्ठ लागते, हे ज्याने नोकरी केली त्या प्रत्येकाने पाहिलेले आहे. तेव्हा ‘उत्तरदायित्व’ या नावाखाली पुन्हा अशीच एखादी गुणपत्रिका माथी मारली जाईल, ही सहकाऱ्यांची भीती मला समजते. माझे म्हणणे इतकेच, की खोट्या मोजमापाला विरोध करताना खऱ्या मोजमापाचा आग्रह आपणच धरायला हवा. आपण गप्प बसलो तर ते दुसरा कोणीतरी ठरवणारच. युनेस्कोने १९९७ साली उच्च शिक्षणातील अध्यापकांच्या दर्जाविषयी जी शिफारस स्वीकारली, तीत अध्यापनाचे स्वातंत्र्य, संस्थेची स्वायत्तता आणि समाजाला हिशेब देण्याची जबाबदारी एकाच दस्तऐवजात येतात. आमच्या संघटनांची निवेदने त्यातल्या पहिल्या दोन भागांचा हवाला देतात आणि तिसरा भाग वाचायचा राहून जातो.

बडोद्याच्या मराठी वाचकाला तरी ही कल्पना परकी वाटू नये. सयाजीराव महाराजांनी १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग सुरू केला आणि १९०६ मध्ये तो सबंध राज्याला लागू केला, हे आपण अभिमानाने सांगतो. त्याच राज्याचा वार्षिक प्रशासन अहवाल छापला जात असे आणि त्यात शाळा, महाविद्यालय, कलाभवन ही तंत्रशिक्षणाची संस्था, विद्यार्थी आणि शिक्षणावरचा खर्च यांचे आकडे असत, हे मात्र क्वचित सांगितले जाते. प्रजेला हिशेब देण्याचे कायदेशीर बंधन नसलेला राजा तो छापून ठेवत होता. १९१३ मध्ये तरुण भीमराव आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी बडोदा राज्याने तीन वर्षांकरता दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली, तीही लेखी करारावर: नेमलेल्या विषयांचा अभ्यास करायचा आणि परत आल्यावर दहा वर्षे राज्याची सेवा करायची. सार्वजनिक पैसा सढळ हाताने द्यायचा आणि त्याच्या अटी कागदावर उघड ठेवायच्या, अशी ती रीत होती. (सेवेसाठी परत आलेल्या त्याच विद्वानाला १९१७ मध्ये या शहरात राहायला जागा मिळाली नाही, हा हिशेब शहराने स्वतःकडे मागायचा आहे, तो वेगळ्या पत्राचा विषय.)

विद्यापीठाची स्थापनाही विचारात घेण्यासारखी आहे. महाराजा सयाजीराव विद्यापीठ ३० एप्रिल १९४९ रोजी अस्तित्वात आले आणि दुसऱ्याच दिवशी, १ मे रोजी, बडोदा संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. संस्थान संपता संपता प्रतापसिंहरावांनी हे विद्यापीठ उभे केले, हंसाबेन मेहता त्याच्या पहिल्या कुलगुरू झाल्या, आणि पोसण्याची जबाबदारी आधी मुंबई राज्यावर व १९६० नंतर गुजरात राज्यावर आली. घुमटाखालच्या जुन्या बडोदा कॉलेजपासून कलाभवनापर्यंतचा सगळा वारसा लोकशाही सरकारच्या ओटीत पडला. त्याच्याबरोबर खर्चही आला, हे ओघानेच.

सप्टेंबर २०२३ मध्ये गुजरात विधानसभेने ११ राज्य विद्यापीठांसाठी एकच सार्वजनिक विद्यापीठ कायदा संमत केला आणि १९४९ चा आमचा स्वतंत्र कायदा इतिहासजमा झाला. सिनेट आणि सिंडिकेट ही विद्यापीठाची जुनी कारभारी मंडळे गेली, नियुक्त सदस्यांचे व्यवस्थापन मंडळ आले, निवडणुका संपल्या. जुन्या सिनेटचे मी गोडवे गाणार नाही. नोंदणीकृत पदवीधरांच्या निवडणुकीत रावपुऱ्यापासून सयाजीगंजपर्यंत जी गटबाजी रंगायची, ती पाहिलेल्या कोणालाही ते जमणार नाही. पण त्या गोंधळात एक सोय होती. विद्यापीठाचा अर्थसंकल्प सभेपुढे यायचा, एखादा निवडून आलेला अध्यापक किंवा वकील उठून विचारायचा की अमुक विभागात तीन वर्षे जागा का भरली नाही, आणि कुलगुरूंना काहीतरी उत्तर द्यावे लागायचे. दुसऱ्या दिवशी ते वर्तमानपत्रात यायचे. आता हा प्रश्न कुठे विचारायचा? २०२४ मध्ये राज्याच्या सामायिक प्रवेश पोर्टलमुळे प्रवेश रेंगाळले, वाणिज्य शाखेतल्या स्थानिक विद्यार्थ्यांच्या जागांवरून शहरात आंदोलने झाली आणि पालक रस्त्यावर उतरले. जागांची चर्चा महिनाभर चालली. त्या जागांवर बसणाऱ्या मुलांना शिकवायला कायम अध्यापक किती आहेत, हा प्रश्न मात्र माझ्या वाचनात एकदाही आला नाही. सिनेट नसताना तो प्रश्न दरवर्षी, ठरल्या वेळी, आकड्यांसह विचारणारी संस्था म्हणून प्राध्यापक संघटनेखेरीज दुसरे कोणी मला दिसत नाही.

आकडे मिळवणे अवघडही नाही. माहिती अधिकार कायदा, २००५ च्या कलम ४ नुसार सार्वजनिक प्राधिकरणाने आपला अर्थसंकल्प, खर्च, कर्मचाऱ्यांची सूची आणि त्यांचे मासिक वेतन स्वतःहून प्रसिद्ध करायचे असते. उच्च शिक्षणाच्या अखिल भारतीय सर्वेक्षणासाठी प्रत्येक संस्था अध्यापकांची माहिती दरवर्षी भरून पाठवते. विभागप्रमुखाकडे मस्टर असते. संघटनेच्या सभासदांमध्ये लेखाशास्त्राचे आणि सांख्यिकीचे प्राध्यापक पैशाला पासरी आहेत. आठवडाभर चार जण बसले तर तक्ता तयार होतो. त्यावर विद्यापीठ प्रशासनाने हरकत घेतली तर उत्तमच, कारण हरकत घेण्यासाठी त्यांना खरे आकडे जाहीर करावे लागतील.

या सूचनेवर एक गंभीर आक्षेप आहे आणि तो मी संघटनेतल्या जाणत्या मंडळींकडूनच ऐकला आहे. रिकाम्या पदांबरोबर विद्यार्थीसंख्याही बाहेर आली, तर सरकार म्हणेल की मुलेच नाहीत, मग पद रद्द का करू नये? मराठी, संस्कृत, फारसी, पाली यांसारख्या विषयांना ही टांगती तलवार खरी आहे. शुल्काचे उत्पन्न हाच निकष लावला तर असा एकही विभाग टिकणार नाही. पण आकडे लपवून हे विभाग वाचलेत असे कुठे झाले आहे? निवृत्ती होत जाते, जागा भरत नाहीत, शेवटी एकजण उरतो आणि तोही जातो. विभाग बंद करण्याचा ठराव कोणाला करावाच लागत नाही. फेब्रुवारी २०१८ मध्ये ९१ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन बडोद्यात भरले, तेव्हा आपण सगळे मांडवात होतो आणि भाषणांना टाळ्या वाजवत होतो. विद्यापीठाच्या मराठी विभागात मंजूर पदे किती आणि भरलेली किती, हे विचारणारा एक ठराव त्या उत्साहात बसला असता तर बरे झाले असते. एखादा विषय कमी विद्यार्थी असूनही का शिकवला पाहिजे, हे लोकांना उघडपणे पटवून द्यावे लागते आणि ते पटवता येते; बडोद्याच्या प्राच्यविद्या मंदिराने वाल्मीकी रामायणाची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली, ती काही शुल्काच्या उत्पन्नावर झाली नव्हती.

पैसा कुठून येणार, हा शेवटचा मुद्दा. शिक्षणावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या ६ टक्के खर्च व्हावा, हे कोठारी आयोगाने १९६६ मध्ये सांगितले, आणि २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तेच लक्ष्य पुन्हा लिहिले. प्रत्यक्षात केंद्र व राज्ये मिळून खर्च ४.४३ टक्के असल्याचे त्याच धोरणात नोंदवले आहे. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने शिक्षण समवर्ती सूचीत गेले, त्यामुळे नियम दिल्लीत ठरतात आणि पगार गांधीनगरने द्यायचा असतो. बारावी पंचवार्षिक योजना २०१७ मध्ये संपल्यावर राज्य विद्यापीठांना विद्यापीठ अनुदान आयोगाकडून मिळणाऱ्या विकास अनुदानाचा जुना प्रवाहही संपला. रुसा आणि २०२३ पासून पीएम-उषा या केंद्राच्या योजनांतून निवडक संस्थांना पैसा मिळतो, तो मुख्यतः इमारती, प्रयोगशाळा आणि उपकरणे यांसाठी. नव्या प्रयोगशाळेच्या उद्घाटनाचे छायाचित्र छापून येते, तिथे प्रात्यक्षिके घेणारा मात्र अकरा महिन्यांच्या करारावर असतो. म्हणून संघटनांनी ‘अनुदान वाढवा’ अशी मोघम मागणी सोडून, निवृत्तीने रिकामी होणारी प्रत्येक जागा निवृत्तीच्या तारखेआधी जाहिरात देऊन भरावी आणि ती भरेपर्यंत हंगामी अध्यापकाचे पूर्ण वेतन राज्यानेच द्यावे, एवढी एकच मागणी लावून धरावी. पद रिकामे ठेवण्यात काही बचतच उरली नाही, तर ते रिकामे ठेवण्याचा मोहही उरणार नाही.

राज्याचा अर्थसंकल्प फेब्रुवारीच्या सुमारास मांडला जातो आणि खात्यांचे अंदाज त्याच्या कितीतरी आधी तयार होतात, तेव्हा संघटनेचा तक्ता दिवाळीच्या सुट्टीपर्यंत आमदारांच्या हातात असायला हवा. आपल्याकडे माझी विनंती एवढीच, की उन्हाळ्यात प्रवेशांच्या हंगामात आपण ज्या शैक्षणिक पुरवण्या काढता, त्यांत अभ्यासक्रम, शुल्क आणि अर्जाच्या तारखा यांच्या शेजारी प्रत्येक सार्वजनिक संस्थेतील मंजूर आणि भरलेल्या अध्यापकपदांचा एक रकाना सुरू करावा. आकडे संघटनेकडून मागवा, प्रशासनाकडून पडताळून घ्या, आणि जी संस्था आकडे देणार नाही तिच्या नावापुढे ‘माहिती दिली नाही’ असे छापा.

आपला,
एक निवृत्त प्राध्यापक
दांडिया बाजार, बडोदे